मागण्या काय आहेत?

"आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" मोबाइलच्या बाबतीत हे वाक्य जी माणसं सर्वांत ठणकावून उच्चारतात, त्यांच्या घरी एकदा जाऊन यावं. मुदत ठेवीच्या पावत्या कपाटातल्या कागदाखाली, त्या कागदावर पैठण्या आणि पैठण्यांवर जुनी चादर. पगाराचा आकडा सख्ख्या भावाला ठाऊक नाही. साडूला तर तो मुद्दाम चुकीचा सांगितलेला असतो. मुलीचा व्हिसा हातात पडेपर्यंत शेजाऱ्यांना "ती सध्या जरा अभ्यास करतेय" एवढंच कळतं. सुनेची गोड बातमी तिसरा महिना लोटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. नवा फ्रीज कितीला पडला, याचं उत्तर विचारणारा बघून ठरतं: नणंदेला कमी, ऑफिसातल्यांना जास्त.

तेव्हा गुप्तता आपल्याला शिकवायला नको. फक्त आपला सगळा बंदोबस्त नातेवाइकांविरुद्ध असतो. दृष्ट लागते ती माणसाची. कंपनीची दृष्ट लागली म्हणून कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्याचं ऐकिवात नाही. म्हणून ज्या काकांनी आपला पगार भावाला कळू दिला नाही, त्यांनी तो घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या एका फुकटच्या ॲपला पै-पैसकट सांगितलेला असतो. वर मेसेज वाचायची परवानगीही दिलेली असते, म्हणजे बँकेचा मेसेज काकांच्या आधी ॲप वाचतं.

२०१३ साली अमेरिकेत एका ॲपचं प्रकरण उघडकीला आलं. काम एकच, मोबाइलचा दिवा पेटवणं. कोट्यवधी वेळा डाउनलोड झालेलं हे ॲप वापरणाऱ्याचा नेमका ठावठिकाणा जाहिरातवाल्यांना पोचवत होतं. 'नको' म्हणायची सोय होती. पण बोट 'नको'पर्यंत पोचायच्या आत माहिती रवाना झालेली असायची. तिथल्या ग्राहकांचं हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यावर कारवाई केली. अंधारात चाचपडत होतो आपण. आपण नेमके कुठे चाचपडतोय, ते ॲपला मात्र स्वच्छ दिसत होतं.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या नावानं हा निकाल ओळखला जातो, ते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचं वय होतं ८६. ज्या वयात आपल्याकडचे आजोबा सूर्योदयाचं चित्र टाकून अख्ख्या खानदानाला 'शुभ सकाळ' कळवतात, त्या वयात या गृहस्थांनी आधार योजनेवरून सरकारला न्यायालयात उभं केलं. हक्क मिळाला. तो वापरायचा कुठे, एवढंच राहिलं.

वापरायची पहिली जागा म्हणजे पासवर्ड. आणि पासवर्ड विसरलात तर विचारले जाणारे ते सुरक्षा-प्रश्न. ते ज्यानं तयार केले, त्याला मराठी लग्नाचं आमंत्रण कधी गेलेलं नसावं. "तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?" हे म्हणे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं! आपण ते मामांच्या नावासकट पत्रिकेत छापून, अक्षता लावून घरोघरी वाटतो. "तुमची पहिली शाळा कोणती?" दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नावच ते. "लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचं नाव?" महाराष्ट्राच्या सीमेच्या आत याचं उत्तर मोती. फार तर टॉमी.

आणि स्थळांचा बायोडेटा! वर श्री गणेशाय नमः. खाली जन्मतारीख, मिनिटासकट जन्मवेळ, जन्मगाव, रक्तगट, उंची, गोत्र, मामकुळ, नोकरी, वार्षिक उत्पन्न, स्वतःचा फ्लॅट असल्यास कुठे आणि किती खोल्यांचा, गावाकडे बागायत किती, जिरायत किती आणि शेवटी वडिलांचा मोबाइल नंबर. सोबत उभा एक फोटो, बसलेला एक. हेरगिरी करून एवढं जमवायचं तर एखाद्या कंपनीला खास खातं उघडावं लागेल. आपण ते पीडीएफ करून वधू-वर सूचक ग्रुपवर स्वतःहून सोडतो, तेही 'कृपया पुढे पाठवा' अशा विनंतीसह. लग्न होतं, मुलं शाळेत जाऊ लागतात, तरी बायोडेटा कुठल्याशा ग्रुपवर 'सुयोग्य वधू पाहिजे' म्हणत फिरतच असतो.

खुद्द पासवर्डची जबाबदारी तर आपण थेट कुलदैवतावर टाकली आहे. देवाचं नाव, पुढे तो वेटोळ्याचा ॲट, पुढे १२३. यात सगळा दोष आपला नाही. कॅपिटल अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं आणि पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलायला हवा, हा जगभरच्या ऑफिसांना छळणारा उपदेश २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक-संस्थेतल्या बिल बर यांनी लिहून ठेवला. २०१७ मध्ये निवृत्त बर यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आणि संस्थेनंही आपला सल्ला बदलला: पासवर्ड लांब असू द्या आणि फुटल्याचा संशय आल्याशिवाय उगाच बदलायला लावू नका. मधल्या चौदा वर्षांत १२३ चे १२४ आणि १२४ चे १२५ झाले. देव तोच राहिला.

खरं तर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीनं लिहिले, तरी चांगला लांबलचक पासवर्ड होतो. 'मुंज पानशेत रिक्षा उकडीचे' म्हणा. (हा आता छापून आला, तेव्हा वापरू नये.) प्रत्येक खात्याला वेगळा हवा आणि एवढे लक्षात राहत नाहीत, म्हणून बिटवॉर्डन किंवा कीपास अशी पासवर्ड सांभाळणारी सॉफ्टवेअर आहेत. दोन्हींचा मूळ कोड जगाला तपासायला खुला आहे आणि रोजच्या वापराला पैसे पडत नाहीत. तेही नको असेल, तर घरातली वही चालेल. चोर रशियात बसलेला असेल, तर त्याला आपल्या देवघराच्या खणापर्यंत यायला बरीच यातायात पडते. फक्त वहीवर मोठ्या अक्षरात 'पासवर्ड' लिहू नये.

आता मुख्य प्रश्न: फोनमध्ये घ्यायचं काय आणि उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं काय? जाणकार सांगतात, अटी वाचा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधक महिलांनी २००८ मध्ये हिशेब मांडला होता. माणसानं वर्षभरात भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचं गोपनीयता धोरण नीट वाचायचं म्हटलं, तर वर्षाचे दोनशेच्या आसपास तास त्यातच जातील. कुणी वाचत नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. २०१० च्या एक एप्रिलला ब्रिटनमधल्या गेमस्टेशन या दुकानानं ऑनलाइन खरेदीच्या अटींत गंमत म्हणून एक कलम घुसडलं, की ग्राहक आपला अमर आत्मा आम्हाला देत आहे. सुमारे साडेसात हजार लोकांनी तो देऊन टाकला. गीतेनं ज्याला शस्त्रं तोडू शकत नाहीत म्हणून सांगितलं, तो एका चौकटीतल्या बरोबरच्या खुणेनं गेला.

अटी न वाचताही या व्यवहारात पक्की असलेली एकच व्यक्ती आमच्या घराण्यात आहे, ती म्हणजे सांगलीची आत्या. तिनं आयुष्यभर लोकांची लग्नं जुळवली. तिच्या फोनमध्ये मोजकी ॲप आहेत आणि त्यातलं प्रत्येक चौकशी होऊन आत आलेलं आहे. "ॲप काय नि स्थळ काय," ती म्हणते, "दोघंही घरात येऊन राहणार. पत्रिकेत काय छापलंय त्याला कोण विचारतो? चार प्रश्न विचारायचे. उत्तर देताना कोण घुटमळतं ते बघायचं."

तिचा पहिला प्रश्न: पोट कशावर भरतं? मुलगा 'बिझनेस करतो' म्हणाला, की आत्या 'कसला?' विचारते. 'आहे असाच' म्हणाला, की पोहे येतात. चहा येत नाही. ॲप फुकट असेल तर हाच प्रश्न. अव्हास्ट हे नावाजलेलं अँटिव्हायरस. लोकांनी ते कशासाठी घेतलं? तर कुणी आपल्या मागावर राहू नये म्हणून. ते मात्र लोक इंटरनेटवर कुठे कुठे जातात याची नोंद ठेवून जम्पशॉट नावाच्या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत फेडरल ट्रेड कमिशननं त्याबद्दल एक कोटी पासष्ट लाख डॉलरची रक्कम भरायला लावली. कुंपणच शेत खातं, हे आपल्या पूर्वजांनी अँटिव्हायरस न वापरताच ओळखलं होतं.

पण फुकट म्हटलं की लबाड, असंही नसतं. केशरी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेलं, व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी घ्या. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून याची सुरुवात झाली. आता त्यामागे ना-नफा संस्था आणि स्वयंसेवक आहेत. जाहिराती घुसवण्यासाठी आलेल्या मोठमोठ्या रकमा आपण नाकारल्या, असं त्यामागचे जाँ-बाप्तिस्त केम्फ सांगतात. एवढ्या सालस स्थळाचं संकेतस्थळ भारतात २०२२ मध्ये कित्येक महिने बंद होतं! सज्जनांच्या वाट्याला हे यायचंच. दुसरं उदाहरण सिग्नलचं, म्हणजे व्हॉट्सॲपसारख्याच एका संदेशांच्या ॲपचं. त्यामागेही ना-नफा संस्था आहे आणि ती देणग्यांवर चालते. २०१८ मध्ये तिला पाच कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन म्हणजे व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी एक. सिग्नलची एकच अडचण आहे: आपले सगळे नातेवाईक व्हॉट्सॲपवर आहेत. काहींच्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

आत्याचा दुसरा प्रश्न: मागण्या काय आहेत? हल्ली हुंडा कुणी मागत नाही. "आमची काही अपेक्षा नाही, तुम्ही मुलीला हौसेनं जे द्याल ते." ॲपची भाषा अगदी हीच. "आपला अनुभव अधिक सुखद व्हावा म्हणून" त्याला फोटो हवेत, माइक हवा, ठिकाण हवं. गणकयंत्राला आपले संपर्क कशाला लागतात? सात आठे किती, ते आठवेना तर मावसभावाला फोन लावणार आहे का? नकाशाला ठिकाण लागतं, हे रास्त. कीबोर्डला ते लागत असेल, तर बैठक तिथेच मोडावी. द्यायचंच असेल तर अँड्रॉइडवर 'ॲप वापरत असतानाच' आणि 'फक्त या वेळी' असे पर्याय असतात. म्हणजे सगळं सोनं एकदम अंगावर घालायचं नाही.

संपर्कांची यादी तर हातातून सोडूच नये, कारण ती आपली नसतेच. त्यात प्लंबर असतो, डॉक्टर असतात, विहीणबाई असतात. त्यांचा नंबर कुणाला द्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? झटपट कर्ज देणाऱ्या बेकायदा ॲपनी याच यादीच्या जोरावर कर्जदारांच्या नातलगांना, ऑफिसातल्या साहेबांना फोन करून लाज काढण्याचा धंदा मांडला होता. शेवटी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला नियम करावा लागला, की डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपनी ग्राहकाच्या फाइली, संपर्क आणि कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. ज्याला आपल्याला दहा हजार उसने द्यायचेत, त्याला आपल्या विहिणीचा नंबर हवा असेल, तर त्याच्या मनात काय आहे हे रिझर्व्ह बँकेच्या आधी आत्यानंच सांगितलं असतं.

तिसरा प्रश्न: घराणं कोणतं? ॲप कुणी बनवलंय, ते किती वर्षं आहे, त्याची नवी आवृत्ती शेवटची कधी आली? २०२२ पासून प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपखाली 'डेटा सेफ्टी' नावाची माहिती असते. ती वाचावी जरूर. फक्त ती ॲप बनवणाऱ्यानंच भरलेली असते, हे ध्यानात ठेवावं. 'मुलगा स्वभावानं शांत, निर्व्यसनी' हे मुलाच्या आईच्या हस्ताक्षरात आहे. घराणं चांगलं असलं तरी संगत बिघडू शकते: कागदपत्रांचे फोटो काढणाऱ्या, घरोघरी पोचलेल्या कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीत २०१९ मध्ये जाहिरातींसाठी जोडलेल्या भागातून घातक कोड शिरल्याचं कॅस्परस्की या सुरक्षा-कंपनीच्या तज्ज्ञांना आढळलं आणि गूगलनं ते ॲप तेव्हा दुकानातून काढलं. म्हणून चौकशी एकदा करून भागत नाही. आत्या दिवाळीला जावयाकडे चक्कर मारते, ती उगाच नव्हे.

आणि ज्याला घराणंच नाही, त्याचं काय? व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून 'लग्नपत्रिका' येते. उघडायला जावं तर फाइलच्या शेपटाला 'एपीके'. म्हणजे ती पत्रिका नसून फोनमध्ये घुसू पाहणारं ॲप असतं. आत शिरलं की मेसेज वाचतं, ओटीपी पळवतं आणि खात्याचा आहेर उचलून चालतं होतं. कुणाच्या लग्नाला आपल्याला बोलावलं नाही, ही शंका मराठी माणसाला झोपू देत नाही, हे त्या चोरांनी बरोबर हेरलंय. साधा नियम: पत्रिका पोस्टानं येते, फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, पत्रिका कधी इन्स्टॉल करावी लागत नाही.

चौथा प्रश्न विचारायला लोक लाजतात, आत्या लाजत नाही: नाही पटलं तर? खातं बंद करता येतं का? आपले फोटो, आपला मजकूर घेऊन बाहेर पडता येतं का? २०२२ च्या जूनअखेरपासून ॲपलनं सक्ती केली, की जे ॲप खातं उघडू देतं, त्यानं ते आतूनच मिटवूही दिलं पाहिजे. मागून गूगलनंही तसाच नियम आणला. तरी ते बटण सापडेपर्यंत 'नक्की जाताय?', 'का जाताय?', 'आम्हाला तुमची आठवण येईल' अशी मनधरणी चालते. आणि एक: नुसतं चित्र दाबून ॲप काढून टाकलं, म्हणजे खातं मिटलं असं नाही. माणूस घराबाहेर गेला, तरी कपाट त्याच्याच सामानानं भरलेलं राहतं.

एवढं करून फोन साफ ठेवला, तरी बाकी जग आहेच. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर अख्ख्या पेठेची आधार कार्डं सुखानं नांदत असतात, कारण "दादा, जरा मेलवर टाकते, प्रिंट काढा" म्हटलेली एकही फाइल तिथून परत आलेली नाही. यात सरकारचीही गंमत झाली. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं जाहीर केलं, की आधारची छायाप्रत कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. देशभर घबराट पसरली. कारण तोपर्यंत लॉजपासून सिमकार्डाच्या टपरीपर्यंत सगळीकडे प्रती देऊन झालेल्या होत्या. दोन दिवसांत ते निवेदन मागे घेतलं गेलं आणि नेहमीचं तारतम्य बाळगा, असा सल्ला मिळाला. तारतम्य म्हणजे काय, हे सांगण्यापेक्षा हे करावं: प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून झाकलेलं आधार उतरवून घ्यावं. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहावी, म्हणजे सिमकार्डासाठी दिलेल्या कागदावर कुणी फ्रीज उचलणार नाही.

कायदा? तोही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या ऑगस्टमध्ये झाला. त्याच्या नियमांचा मुहूर्त निघायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. माहिती सांभाळण्यात कुचराई करणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आणि खोट्या, खोडसाळ तक्रारी करणाऱ्या नागरिकालाही दहा हजारांपर्यंत. कायद्याला आपला समाज चांगलाच ठाऊक आहे. खात्यातून पैसे गेलेच, तर चार जणांना सल्ला विचारत बसण्याआधी १९३० वर फोन करावा. पहिल्या काही तासांत कळवलं, तर ती रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

तर चौकशी करायची अक्कल आपल्याकडे आहे, कायदा आहे, आत्या आहे. घोडं अडतं ते भिडेपाशी. दुकानात दोन मोज्यांचं बिल करताना काउंटरवरची मुलगी "सर, मोबाइल नंबर?" विचारते. मागे रांग असते. मोज्यांना नंबर कशाला, असं विचारलं तर आपण चिक्कू दिसू किंवा भांडखोर दिसू, म्हणून आपण दहाच्या दहा आकडे खणखणीत आवाजात सांगतो आणि ते रांगेतल्या शेवटच्या माणसालाही पाठ होतात. बिलासाठी ग्राहकाला नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ च्या मे महिन्यातच दुकानदारांना बजावलं आहे. पण खातं काउंटरवर आपल्या शेजारी उभं राहायला येत नाही.

ॲप बनवणाऱ्यांनी आपली ही भीड मोजून-मापून घेतली आहे. 'परवानगी द्या' हे बटण निळंशार, गुबगुबीत असतं; 'आत्ता नको' फिकट करड्या अक्षरांत, जणू दारातून परत जायला निघालंय. शिवाय ते 'नको' नसतंच, 'आत्ता नको' असतं. म्हणजे पुढच्या मंगळवारी परत विचारणार. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण यासाठीच जपून ठेवली असावी. आत्याला आयुष्यात शेकडो नकार कळवावे लागले आणि एकाही घराशी तिचा अबोला नाही. तिचं तंत्र सोपं आहे: कारण द्यायचं नाही, आवाज चढवायचा नाही आणि "पत्रिका जुळत नाही" म्हणून मोकळं व्हायचं. मोज्यांच्या दुकानात हे वाक्य म्हणून बघावं. काउंटरवरची मुलगी क्षणभर गोंधळते, मग बिल देते. बिल नंबराशिवायही छापता येतं, हे त्या यंत्राला पहिल्यापासून ठाऊक असतं.